कॉलममध्ये माझं बोट गेलं

मंडळी, सकाळपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून इथे लिहितेय.

रोह्यातल्या आमच्या घरावर तीन वर्षांपूर्वी वरचा मजला चढवला. तिथे मुलगा, सून आणि नात राहतात. वरच्या भिंतीला चीर दिसू लागली म्हणून आज पेणहून एका इंजिनिअरना बोलावलं. त्यांनी तिथल्या कॉलमवर हातोडी मारताच प्लास्टर गळून पडलं. आत नुसती खडी. माझं बोट सहज आत गेलं, गंजलेल्या सळईला लागलं.

"काँक्रीट नीट भरलंच नाय," ते म्हणाले. "वरची माणसं आजच खाली आणा."

हे काम कंत्राटदार प्रकाशचं. मी त्याला चौथीपर्यंत शिकवलंय. मुलगा नको म्हणत असताना मीच हट्टाने त्याला काम दिलं.

फोन केल्यावर तासाभरात आला. कॉलम बघितला.

"बाई, हे कॉलम भरले त्या दिवशी माझा दुसरीकडं स्लॅब होता. मी इथं आलोच नाय. माणसांवर सोडलं."

"आणि मला सांगितलंस, उभं राहून करून घेतलं म्हणून?"

"व्हय, बाई."

सून नातीचे कपडे खाली आणत होती. मुलगा मला एक शब्दही बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

प्रकाश निघताना मी विचारलं, त्या वर्षी आणखी कुणाची घरं बांधलीस? त्याने दोन नावं सांगितली. दोघंही माझेच विद्यार्थी.

उद्या त्यांच्याकडे जाणार आहे. दारात उभं राहून हे कसं सांगायचं, तुम्हीच सुचवा.