व्हो आणि हो

उल्हास नाफड्यांना आयुष्यात ‘नाही’ म्हणणं कधी जमलं नाही. ओटाव्यात नकाशे काढणाऱ्या सरकारी खात्यात त्यांनी सारी नोकरी केली आणि कुणालाच नको असलेलं प्रत्येक काम हसतमुखानं अंगावर घेतलं. साहेब म्हणाला, शनिवारी ये. हो. मुलगा ऋषी म्हणाला, बाबा, मी किचनरलाच सेटल होतो, यू गाइज आर फाइन, राइट? हो. बायको माधवी त्यांना नंदीबैल म्हणे, आणि त्यालाही ते मानच डोलावत. माणूस वाईट नव्हता. पण होकार इतका स्वस्त झाला की त्यावर कुणी विसंबत नाही. ओळखीच्या सगळ्यांना हे कळलं होतं, एक गॉर्डन सोडून.

गॉर्डन त्याच खात्यातला, त्यांच्याआधी रिटायर झालेला, ओटाव्याबाहेर कार्प गावाकडच्या आपल्या शेतावर एकटा राहणारा. शिकारीचं वेड. २०१७च्या वसंतात त्याची म्हातारी कुत्री शेवटची व्यायली. जात पॉइंटरची. म्हणजे पक्ष्याचा वास आला की झडप न घालता जागच्या जागी थिजून उभं राहायचं, आणि शिकाऱ्याला नाकानं पक्षी दाखवायचा. गुडघे गेल्यामुळे पिलामागे धावणं गॉर्डनला जमेना, म्हणून एक पिलू त्यानं नाफड्यांकडे दिलं.

‘‘फॉलपर्यंत, शिकारीचा सीझन लागेतो, तू सांभाळ,’’ तो म्हणाला. ‘‘पक्ष्यावर नीट उभी राहिली तर तुझीच. दर वर्षी आपण तिघं रानात जाऊ, बंदूक मी चालवीन, कुत्री तू. नाही जमलं तर पेम्ब्रोकच्या माझ्या पुतण्याकडे जाईल. सोफ्यावर लोळायला मी शिकारी कुत्री देणार नाही. कबूल?’’

नाफडे काय म्हणाले हे सांगायला नकोच.

माधवीनं तिचं नाव ठमी ठेवलं. गॉर्डन टॅमी म्हणे. रिटायर झाल्यापासून नाफडे घरात आले काय नि गेले काय, कुणाला फरक पडत नव्हता. ठमी मात्र गॅरेजचं दार वाजलं की लाकडी फ्लोअरवरून घसरत, धडपडत त्यांच्या पायाशी यायची. त्यांना ती हवी होती. पक्षी, शिकार, फॉल, कशाशीच त्यांना कर्तव्य नव्हतं. ठमी घरातून जाऊ नये, एवढंच.

मग शिकवणी सुरू झाली. दर शनिवारी ते तिला शेतावर नेत. गॉर्डन मासे धरायच्या गळाच्या काठीला कबुतराचा पंख बांधून गवतावर नाचवी. पहिल्यांदा तिनं पंखावर उड्या मारल्या. पुढच्या खेपेला अचानक थबकली, पुढचा एक पाय उचललेला, शेपटी ताठ. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. नाफड्यांच्या अंगावर काटा आला. शिकवायचं एवढंच होतं, की पक्षी उडाला तरी हलायचं नाही. त्यासाठी शब्द एकच, ‘व्हो’. थांब, जिथं आहेस तिथं. ‘‘एकदाच म्हणायचं, आणि मनापासून,’’ गॉर्डननं बजावलं.

गॉर्डननं ‘व्हो’ म्हटलं की ठमी खांबासारखी उभी राही. नाफड्यांनी म्हटलं की कान खाजवी. आठवडे असेच गेले. एके दिवशी माधवी नागपूरला बहिणीशी, लताशी, फोनवर बोलत होती आणि नाफडे ठमीकडे बघत बसले होते. ‘‘हो... हो गं... हो का?... हो हो, केली ना भाजी.’’ ठमी ढिम्म. तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. कुत्रीला व्हो आणि हो एकच. सुरुवातीला बिचारी प्रत्येक ‘हो’ला थांबलीही असेल. पण या घरात त्या शब्दाला काडीची किंमत नाही, हे तिनं ओळखलं.

‘‘माधवी, फोनवर हो म्हणू नकोस.’’

‘‘मग काय म्हणू?’’

‘‘बरं म्हण.’’

‘‘लता विचारेल, जेवलीस का. बरं म्हणू? अहो, तिला वाटेल मला स्ट्रोक आलाय.’’

तरी तिनं मनावर घेतलं. ठमीचा लळा तिलाही लागला होता. ती ‘हं’ म्हणू लागली, आणि लतानं चार दिवसांत विचारलंच, तुमचं काही बिनसलंय का. नाफड्यांना जास्त जड गेलं. ‘हो’ ओठांवर आलं की जीभ चावायची आणि मान हलवायची. घर एकदम गप्प झालं. पण सप्टेंबर येईतो ठमी त्यांच्या एका शब्दावर थांबू लागली. त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही, पण आपला शब्द कुणीतरी पाळतंय, हे सुख त्यांनी पहिल्यांदा घेतलं.

राहिली गोष्ट आवाजाची. पिलाला बंदुकीची सवय हळूहळू करायची असते. गॉर्डननं सांगितलं होतं, रोज ती जेवत असताना लांबून पॅन वाजव, मग दिवसेंदिवस जवळून. ते पक्कं झालं की मी लांबून बार काढीन. नाफड्यांनी पहिल्याच दिवशी पॅनवर पळी मारली. माधवी डोकं धरून बाहेर आली. तिला अर्धशिशीचा त्रास. ‘‘मला मारायचंय का?’’ पॅन कपाटात गेला. बेसमेंटमध्ये वाजवता आला असता, ठमीला घेऊन पार्किंग लॉटवर जाता आलं असतं. उद्या करू, परवा करू. दर शनिवारी गॉर्डन विचारी, ‘‘पॅन चालू आहे ना?’’

‘‘येस, येस.’’

त्यात त्यांना खोटं बोलल्यासारखंही वाटत नसे. विचारणाऱ्याला बरं वाटावं म्हणून दिलेलं उत्तर ते. आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं.

ऑक्टोबरात गॉर्डननं पाळीव लावा पक्षी आणून गवतात सोडले. सकाळची थंडी होती. ठमी वाऱ्यावर नाक धरून निघाली, वळली आणि थिजली. पाय उचललेला, शेपटी ताठ. गॉर्डननं बंदूक काढली.

‘‘पॅनला आता दचकत नाही ना? अगदी जवळून?’’

इथं ‘नाही केलं’ एवढं म्हणायचं होतं. फार तर शिव्या खाव्या लागल्या असत्या आणि एक महिना वाया गेला असता. पण ठमी तिथं उभी होती, तिच्या रक्तातलं सगळं दाखवत, आणि आज ती त्यांची होणार होती.

‘‘येस,’’ नाफडे म्हणाले.

गॉर्डन लंगडत पुढे गेला आणि त्यानं पायानं गवत हलवलं. लावा फडफडत उडाला. ठमीचे पुढचे पंजे उचलले, ती धावणार, एवढ्यात नाफड्यांनी म्हटलं, ‘‘व्हो.’’ एकदाच. मनापासून. आणि ती थांबली. पक्ष्यामागे धावली असती तर लांब गेली असती, तिचं सगळं ध्यान पक्ष्यात असतं, कदाचित बार तिच्या कानांवरून गेला असता. पण ती थांबली, नेमकी बंदुकीच्या नळीखाली. गॉर्डननं बार काढला.

ती केकाटली नाही. पोट जमिनीला टेकवत गॉर्डनच्या ट्रकखाली गेली. नाफडे गवतात आडवे होऊन हाका मारत राहिले. ती त्यांच्याकडे बघत होती आणि थरथरत होती. त्यांनी हात पुढे केला तशी आणखी मागे सरकली. शेवटी माधवीला बोलावून घ्यावं लागलं.

बैल गेला आणि झोपा केला, तसं नाफड्यांनी मग सगळं केलं. पॅन, पंख, गळाची काठी, लांबून, हळू. पंख दिसला तरी ती आडवी पडे. बॅकयार्डात चिमण्या उतरल्या की सोफ्यामागे जाई. गॅरेजचं दार वाजलं की आता ती माधवीच्या पायाशी जाऊन बसे, आणि नाफडे बूट काढून गुपचूप वर जात.

पहिला बर्फ पडल्यावर गॉर्डन घरी आला. चहा नको म्हणाला. पुतण्याला फोन केला होता, त्यानं सांगितलं, बंदुकीला भ्यालेली कुत्री फुकटातही नको.

‘‘टॅमी तुझी,’’ गॉर्डन म्हणाला. साऱ्या उन्हाळ्यात नाफड्यांना हेच दोन शब्द ऐकायचे होते. ‘‘माझं चुकलं, उल्हास. इतकी वर्षं कुत्री घडवली, आणि शेवटची स्वतःच्या हातानं बिघडवली. बंदूक मी विकायला काढलीय. आता माझ्यावर भरवसा नाही राहिला.’’ तो थोडा वेळ हातातली टोपी फिरवत बसला. ‘‘एकच सांग, नाहीतर डोक्यातून जाणार नाही. तू पॅन वाजवत होतास ना, मी सांगितलं तसा? माझाच बार जवळ पडला ना?’’

माधवी किचनच्या दारात उभी होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. ठमी तिच्या मागे होती.

‘‘हो,’’ नाफडे मान डोलावत म्हणाले.

गॉर्डननं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि टोपी घालून तो निघून गेला.