ओर्झेला मावशीची पावडर

मेकन गावच्या उन्हाळ्यात अंगभर पावडर फासल्याशिवाय घराबाहेर पडणं ओर्झेला मावशीला मान्य नव्हतं. चर्चच्या दाराशी उभं राहून लोकांना जागेवर बसवणाऱ्या बायकांची ती मुख्य. रविवारी पांढरा कडक गणवेश आणि पांढरे हातमोजे घालून ती उशिरा येणाऱ्याला एका बोटाच्या इशाऱ्याने मागच्या बाकावर धाडायची. पास्टरसुद्धा तिला टरकून असत. बाकीचे दिवस ती शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांसाठी मक्याचा पाव भाजायची.

मे महिन्यात स्तनांची तपासणी करणारी गाडी चर्चच्या आवारात आली. मावशी बावन्न वर्षांची, आणि तपासणी एकदाही केलेली नाही. मी तिची भाची; तिला जवळजवळ ढकलतच आत नेलं.

आतली मुलगी म्हणाली, "पावडर लावली असेल तर पुसून या. फोटोत ठिपके उठतात."

मावशीने ओल्या कागदाने जमेल तेवढं पुसलं.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. डाव्या स्तनात बारीक पांढरे ठिपके दिसतात, पुन्हा फोटो काढायला या.

"पावडरच असणार," असं पहिल्यांदा म्हणाली ती मीच. तेव्हा माझी जीभ का झडली नाही, कोण जाणे.

मावशीला तेवढंच हवं होतं. त्यात शेजारची व्हर्लीन म्हणाली, "मलाही असंच पत्र आलं होतं. काही निघालं नाही, नुसते हेलपाटे." उलट गाडीवाल्यांच्या पत्रकात छापलेलं, की आम्हा काळ्या बायकांना हा रोग कमी वयातही गाठतो आणि पुष्कळदा उशिरा कळतो. कोणाचं खरं धरायचं? मावशी छाती चाचपून म्हणायची, "गाठ नाही, दुखणं नाही. पावडरीपायी रजा कोण टाकणार?" कधी मला तिचं पटायचं, कधी ते पत्र पुन्हा काढून वाचायचे.

ऑगस्टातल्या एका रविवारी ती गणवेश चढवण्याआधी पावडर लावत होती. मान, काखा, छाती. मी बघत होते.

"मावशी, पावडर दोन्हीकडे लावतेस?"

"मग काय अर्धीच नटू?"

"त्या दिवशीही?"

"रोजच."

"मग पत्रात डावीच बाजू का?"

तिचा हात थांबला. "उजवी नीट पुसली गेली असेल," ती म्हणाली. मग डब्याचं झाकण लावत, "तूच म्हणाली होतीस पावडर म्हणून."

"मी काय डॉक्टर आहे?"

त्याच आठवड्यात दोनदा आंघोळ करून, चिमूटभरही पावडर न लावता ती पुन्हा फोटो काढायला गेली. ठिपके तिथेच होते. सुईने तुकडा काढून तपासला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कॅन्सर आहे, पण अगदी सुरुवातीचा, जागचा हललेला नाही. हाताला तर लागलाच नसता. बरं झालं, लवकर आलात.

परतताना माझ्या गाडीत बसल्यावर मावशी सीटचा पट्टाही लावेना.

"मला दुखत नाही, हाताला काही लागत नाही. ती म्हणते कॅन्सर, आणि वर म्हणते बरं झालं. डोरीन, मी आजारी आहे की धडधाकट?"

मी वाकून तिचा पट्टा लावला. 'लवकर' या शब्दाने माझी मानच वर होत नव्हती. मधले तीन महिने माझ्या एका वाक्यावर गेले होते.