आप्पांनी पुकारलेला पिक्चर

महाडच्या चवदार तळ्यापासून पाच मिनिटांवर माझं घर. आमच्याकडे अंगात येणं, नजर काढणं, उतारा ठेवणं असलं काही कधी चाललं नाही. माझे वडील, आप्पा, म्हणायचे, "आधी तपास, मग मान." मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले, सकाळी क्लासमध्ये नववी-दहावीला सायन्स शिकवते. या पेजवरचे असले अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचले, आणि वाचताना मनातल्या मनात प्रत्येकाचं म्हणणं खोडून काढलं. आज स्वतःच लिहायला बसलेय, आणि माझंच मला खोडता येत नाहीये... घाबरू नका, यात घाबरण्यासारखं काही नाही. मला तर अजून हसू येतं.

दुपारनंतर मी आमच्या गावातल्या एका जुन्या थिएटरच्या तिकीट खिडकीत बसते. एकच पडदा, लाकडी बाल्कनी, बायकांच्या बाजूला चार पंखे. आप्पांनी याच थिएटरसाठी तीस वर्षं पुकारा केला. दर गुरुवारी रिक्षावर भोंगा बांधायचा आणि पोलादपूर, पार आंबेनळी घाटाच्या पायथ्यापर्यंतच्या वाड्यांमधून या आठवड्यात कुठला पिक्चर लागलाय ते सांगत फिरायचं. त्यांचं ठरलेलं वाक्य होतं — "आयाबायांनो, भाकऱ्या सकाळीच थापून ठेवा, दुपारी चुलीला सुट्टी!"

मी मात्र थिएटरच्या आसपास फिरकलेलं त्यांना खपायचं नाही. "तू शीक. हे माझ्यापातूर बास." पावणेतीन वर्षांपूर्वी ते हार्ट अटॅकने गेले. मी खिडकीत बसायला लागले ते त्यानंतर वर्षभराने, थिएटरच्या मालकांनी, शेठनी, विचारलं म्हणून. आप्पांना चाललं असतं का, हे मनात कायम टोचायचं. पण विचारणार कुणाला?

आता मूळ गोष्ट.

पुकारा आप्पांबरोबरच बंद पडला होता. आम्ही पोस्टर मोबाईलच्या स्टेटसला टाकायचो, आणि बघायला यायची सहा-सात माणसं. त्या शुक्रवारी सकाळी शेठनी मला आणि ऑपरेटर इक्बालभाईंना बोलावून सांगितलं, "पनवेलची एक पार्टी चार वाजता जागा बघायला येतेय. मंगल कार्यालय करायचं म्हणतात. आजही खुर्च्या रिकाम्याच दिसल्या तर मी हो म्हणणार."

इक्बालभाई खिशातून रुमाल काढून चष्मा पुसत राहिले.

त्यात त्या दिवशी लागणारा हिंदी पिक्चर उघडेचना. हल्ली पिक्चर डिस्कवर येतो आणि तो चालू करायला मुंबईहून पासवर्ड लागतो. तो आलाच नव्हता. फोनवर फोन. शेवटी सव्वाअकराला तिकडचा माणूस म्हणाला, सोमवारशिवाय काही होणार नाही, तुमच्याकडे दुसरं काही पडलंय का? इक्बालभाईंनी कपाट उघडलं. आत महिन्यापूर्वी चुकून आलेली, परत पाठवायची राहिलेली एक डिस्क होती. मराठी कॉमेडी. नाव — 'पाहुणे आले, कुलूप लावा'. आमच्यापैकी कुणी त्याचं नावसुद्धा ऐकलं नव्हतं. त्याचा पासवर्ड मात्र दहा मिनिटांत आला.

सव्वाअकरा ही वेळ लक्षात ठेवा. पोस्टर नव्हतं, स्टेटस टाकायला मी विसरले होते. बाहेरच्या बोर्डावर खडूने नाव लिहिलं ते अडीचला.

पावणेतीनला दारात दोन मिनीडोर रिक्षा आणि एक पिकअप येऊन थांबल्या. त्यातून बायका उतरायला लागल्या. उतरतच राहिल्या! गजरे माळलेल्या, डबे घेतलेल्या, मागे म्हातारे आणि पोरंटोरं. सगळ्यांत पुढे एक ठेंगणी, खणखणीत आवाजाची बाई. नाव सुगंधाबाई, हे नंतर कळलं. तिने खिडकीत तोंड घातलं.

"काय गो, कुलूपवाला पिक्चर हाच ना?"

मी म्हटलं, "हो... पण तुम्हाला कसं कळलं?"

"कसं म्हंजे? काल भोंगा नाय का आलेला! पाहुणे आले, कुलूप लावा. भाकऱ्या सकाळीच थापून ठेवा म्हनला, आमी थापल्या."

माझ्या हातातलं तिकिटाचं पुस्तक तसंच राहिलं.

"काल? गुरुवारी?"

"गुरुवारीच येतो ना तो! मधी दोन वरसं दिसला नाय, आमाला वाटलं आजारी हाय का काय. काल बारा वाजता आवाज आला."

मी त्यांच्या वाडीचं नाव विचारलं. आंबेनळीच्या वाटेवरची वाडी, आप्पांचा शेवटचा थांबा. नाव इथे देत नाही, उगाच त्यांच्याकडे लोक चौकशीला जायला नकोत.

मी विचारलं, "आणखी काय म्हणाला?"

सुगंधाबाई हसली. मागच्या बायकाही हसल्या. तिने आवाज जाड करून नक्कल केली, आणि ती नक्कल हुबेहूब होती...

"खिडकीत आमची वैशाली बसते. तिच्यावर कुनी वरडू नका. तिला लगेच रडू येतं!"

वैशाली म्हणजे मी.

आणि खरंच, मी तिथेच रडायला लागले. तिकिटं फाडतेय आणि रडतेय. सुगंधाबाई मागे वळून ओरडली, "बघा गो, खरं बोलला!" सगळी रांग खो-खो हसली. मीही रडता रडता हसले. आप्पांना ठाऊक होतं. आणि चालत होतं.

पिक्चर कसा होता, मला सांगता येणार नाही, मी खिडकीतच होते. पण हशा बाहेर रस्त्यापर्यंत येत होता. तो ऐकून बाजारातली माणसंही आत शिरली. चार वाजता पनवेलची पार्टी आली, म्हणजे एक जाडे गृहस्थ आणि त्यांच्या हातात मोजमापाची टेप. शेठ त्यांना आत घेऊन गेले. पाच मिनिटांत येतो म्हणालेले दोघं थेट शेवटी बाहेर आले. गृहस्थ डोळे पुसत होते, "अहो, त्या सासऱ्याने काय कमाल केली!" टेप आतच खुर्चीवर विसरली होती. इक्बालभाईंनी ती धावत नेऊन दिली.

शेठनी त्या दिवशी हो म्हटलं नाही. ते गृहस्थ अधूनमधून फोन करतात, शेठ "बघू" म्हणतात.

मी मात्र गप्प बसणाऱ्यांतली नाही. आधी तपास! पुढच्या बुधवारी स्कूटीवरून त्या वाडीत गेले. दुकानदाराला, शाळेतल्या बाईंना, पाणवठ्यावरच्या बायकांना वेगवेगळं विचारलं. भोंगा सगळ्यांनी ऐकला होता. रिक्षा कुणीच पाहिली नव्हती.

"वळनाच्या खालनं आवाज येत व्हता," दुकानदार म्हणाला, "वाटलं आता वर येल, मंग येल... पन गाडी काय आली नाय."

जुनी कॅसेट कुणी वाजवली म्हणावं, तर त्यात या पिक्चरचं नाव कुठून येणार? कुणी थट्टा केली म्हणावं, तर हा पिक्चर लागणार हे गुरुवारी बारा वाजता आम्हालाच माहीत नव्हतं. इक्बालभाईंवर संशय घेतला, तर ते कानाला हात लावून म्हणाले, "बेटा, मला डिस्कवरचं नाव चष्म्याशिवाय वाचता पण येत नाही." थिएटरचा भोंगा माळ्यावर आहे. पुराच्या पाण्यात गंजून त्याला हाताएवढं भोक पडलंय.

झालं ते इतकंच. पटणारं कारण कुणाला सापडलं तर जरूर कळवा, मी मोकळ्या मनाने ऐकेन. आठ महिने झाले, मला तरी सापडलेलं नाही.

शेठनी नवा भोंगा आणलाय, आणि दर गुरुवारी क्लास संपला की रिक्षात मी बसते. पुकारा करत पहिल्यांदा त्या वाडीत गेले तेव्हा पिक्चरचं नाव दोनदा चुकले. सुगंधाबाई पदराला हात पुसत बाहेर आली, कमरेवर हात ठेवून तिने सगळं ऐकून घेतलं.

"बरी बोललीस गो," ती म्हणाली. "पन बापासारखं नाय. तो बोलला का हातातलं काम सुटायचं. जरा मोठ्यानं बोल... चल, परत बोल बघू."

मी माईक तोंडाजवळ धरला आणि परत बोलले.