मातीला लाजवणाऱ्या मॅडम

जानेफळचं आमचं वावर आजही आमचंच आहे, ते मातीवाल्या मॅडममुळे. काय झालं ते मागून सांगते. आधी त्यांना हात जोडल्याशिवाय मला पुढं लिहवत नाही.

मॅडम देऊळगाव राजाच्या. तपासणीची माती गोळा करत गावोगाव फिरायच्या. वावरात शिरताना चपला धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, काढून ठेवायच्या आणि माती चक्क जेवणाच्या डब्यांत भरायच्या. तण निंदायला बसलेल्या आम्ही बाया चिडवायचो, "मॅडम, आज डब्यात काय आनलं?"

"माती. भाजी तुमच्या डब्यातली खाईन." आणि खरंच आमच्यात बसून ठेचा-भाकर खायच्या, नाक पुसत.

त्या साली सोयाबीनवर आमच्या यांनी तणनाशक मारलं. गवत हटेना म्हणून लगेच पुन्हा मारलं. मागून पेरलेला हरभरा पिवळा पडून बसला. शेजारचे काका रोज येऊन यांना सांगायचे, "जमीन मेली बे तुही. गिऱ्हाईक हाय तवर देऊन टाक." यांचंही मन तिकडं झुकलं. माझी झोप उडाली. सातवीत शाळा सुटलेली मी. वावर गेलं तर मला दुसरं येतं काय?

मी मॅडमना धरलं. "मेली का जिती, तेवढं सांगा."

त्यांनी एका नळीत वावरातली माती घेतली, दुसरीत कधीच औषध न लागलेली धुऱ्यावरची. दोन्हींत बिनरंगी औषधी पाणी ओतलं. म्हणाल्या, "मातीत बारीक जीव असतात. त्यांची विकरं म्हणजे आपल्या पोटातल्या पाचकरसासारखी. शेणखत, काडीकचरा तीच पचवतात. ती कामावर असली की हे पाणी लाल होतं. जिवंत माती लाजते, ताई."

दुसऱ्या दिवशी गाळून पाहिलं. धुऱ्याची नळी लालबुंद. आमची फिकट, तापातून उठलेल्या माणसासारखी. मला रडू फुटलं.

मॅडमनी खोटा धीर दिला नाही. "हरभरा कशानं पिवळा पडला, ते या नळीवरून मी सांगणार नाही. पण माती मेली नाही, दमली आहे." मग यांच्याकडं वळल्या. "भाऊ, विकायची घाई काऊन करता? शेणखत द्या, तणावर औषधाऐवजी डवरा चालवा. हिच्या हातचं निंदण पाहिलं मी. एक हंगाम हिच्यावर सोडा."

माझ्यावर काही सोडा, असं त्याआधी कोणी म्हटलं नव्हतं.

यांनी वावर विकलं नाही. हंगामभर आम्ही बायांनी तण हातानं काढलं. पुढच्या तपासणीला आमची नळी लाल झाली. धुऱ्याइतकी नाही, पण लाल. मॅडम ओरडल्याच, "लाजली वं माय, लाजली!"

पुढं यांना पुण्याकडं काम लागलं. मी एका कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते. वावर दीर पाहतात. त्यांना घडोघडी फोन करते, "भाऊजी, औषध जास्त तर नाही ना मारलं?"

"नाही वो वैनी. इतक्या काऊन घाबरून राह्यल्या?"

काय सांगू? इथं पायाखाली सगळी फरशी आहे. चपला काढून उभं राहावं अशी जागा दिसत नाही.

मॅडमची लांब बदली झाली, जुना नंबर लागत नाही. निघताना म्हणाल्या होत्या, "जन्मभर दुसऱ्याचीच माती पाहिली. मले स्वतःचं वावर नाही."

मॅडम, मी परत येईन, तेव्हा तुम्हाला शोधून काढीन. विहिरीजवळचा पट्टा तुमचा. काय पेरायचं ते तुम्ही ठरवा, निंदण माझं.