केसांना लावायची मालदांडी

आमच्या धाकट्या काकूएवढी रागीट बाई सोलापूर जिल्ह्यात दुसरी झाली नाही. आणि या जिल्ह्यात बाकी सगळ्याचा दुष्काळ पडला तरी रागीट माणसांचा कधी पडला नव्हता, हे लक्षात घ्या. आमच्या घरात तर राग पिढीजात होता. अण्णा, म्हणजे माझे वडील, भाजीत मीठ कमी पडलं की ताटावरून उठायचे. आई बोलायची नाही, भांडी आदळायची. मी शाळेतून आले की दार हातानं उघडल्याचं कुणाला आठवत नाही. पण आम्ही सगळे अधूनमधून रागवणारे, काकू अखंड. गिरणीचा भोंगा झाला की ती उठायची आणि पहिला राग भोंग्यावरच काढायची, “मला उटवनारा तू कोन रं?” मग नळावर, कारण तो यायचा नाही. आला की गढूळ आला म्हणून पुन्हा त्याच्यावर. दुपारी उन्हावर रागवायची, आणि एखाद्या दिवशी ऊन जरा कमी असलं तर पापड वाळणार कसे म्हणून आभाळावर. शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळात लोक तिच्या आवाजावर घड्याळ लावत नसत एवढंच.

काका लग्नानंतर थोड्याच वर्षांत वारले होते. काकूला मूलबाळ नव्हतं. वैरागला तिचा भाऊ होता, पण ती राहिली आमच्याकडेच. हे घर तिचं आहे की नाही, हे कुणी कधी बोलून ठरवलं नव्हतं. काकूनं ते रागवून रागवून आपलं करून टाकलं होतं, आणि आम्हीही ओरडा खाऊन खाऊन ते मान्य केलं होतं.

तिचा खरा दावा होता तेलाशी. आणि माझं नशीब असं की माझे केस जन्मजात तेलकट. आज न्हायले की परवा वेणी अशी चिपचिपीत, की पोलक्याच्या पाठीवर तिचा डाग उमटायचा. वर्गातल्या मुली म्हणायच्या, हिच्या शेंडीला वात लावली तर अभ्यासाला दिवा होईल. त्यात आई रोज सकाळी वाटीभर खोबरेल घेऊन बसायची. डोक्यात तेल जिरलं की डोकं शांत राहतं, असं तिचं मत होतं. आमच्या घरातली डोकी बघता हा उपाय लागू पडत नव्हता, पण ते तिला सांगणार कोण? काकूनं सांगितलं. “आक्का, पोरीचं डोस्कं हाय का घाना? पिळलं तर आटवडाभर भजी तळून हुतील की!” आईनं भांडं आदळलं आणि तेल लावणं चालू ठेवलं.

अशात बाहत्तर सालचा तो दुष्काळ आला. नळ आठवड्यात कधीतरी यायचा. घागरी रांगेत आणि बायका भांडणात. प्यायला पुरेल एवढं पाणी मिळालं तरी खूप, तिथं डोक्यावरून न्हायचं नाव कोण काढणार? घरोघर रेशनवरच्या तांबड्या मिलोच्या, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या ज्वारीच्या, भाकरी. त्या भाकरीला ना चव, ना चिकटा. तव्यावर टाकेपर्यंत तिचे तुकडे. अण्णा ती खाताना सरकारपासून जात्यापर्यंत सगळ्यांवर रागवायचे. माझ्या डोक्याचं मात्र असं झालं होतं की माशा बसून घसराव्यात. तेव्हा काकूनं पदर खोचला. “पानी न्हाय तर न्हाय. बिनपान्याचं न्हायला घालते तुला,” ती म्हणाली, आणि ते धमकीसारखंच वाटलं.

पहिला प्रयोग खळीचा. शेजारी मागवाल्यांचं घर होतं. त्यांच्याकडून सुताला लावायच्या खळीची कोरडी भुकटी काकूनं मागून आणली आणि माझ्या केसांत चोळली. तेल खरंच गेलं. केस हलके झाले, मी खूश. पण सोलापूरचा मार्च महिना. शाळेपर्यंत चालत जाईस्तोवर घाम फुटला आणि डोक्यावरच खळ तयार झाली. दुपारी घरी आले तेव्हा वेणी नव्या चादरीसारखी ताठ उभी होती. मी दाराला लाथ घातली. काकू माझ्याहून जास्त भडकली, पण स्वतःवर नाही. “सावलीनं चालायला काय झालतं? तुला घाम यायचं कारनच काय?”

मग तिनं चुकत चुकत एक कृती बसवली. ज्वारीचं वस्त्रगाळ पीठ तव्यावर नुसतं कोमट करायचं, त्यात थोडा आरारोट, शिकेकाईची पूड, नागरमोथा आणि वासाला चिमूटभर कापूरकाचरी. हे सगळं अण्णांच्या जुन्या धोतरातून गाळायचं. मग मला उंबऱ्याशी बसवून, भांग पाडत पाडत, कापसाच्या बोळ्यानं केसांच्या मुळाशी टिपायचं. नंतर पीठ तेल पिऊन घेईपर्यंत थांबायचं. त्या वेळात काकू मला रागवायची. माझं अक्षर, माझं चालणं, माझं दात काढून हसणं, एकेक घ्यायची. तिचा राग संपला की पीठ मुरलं असं समजायचं. शेवटी बारीक फणीनं, जीव जाईल अशी विंचरणी. सगळं पीठ झाडून निघालं की केस असे मोकळे, भुरभुरीत व्हायचे की मलाच माझा हेवा वाटायचा. ती मात्र लांबून बघून म्हणायची, “दिसतीस आता मानसासारखी.” याहून मोठं कौतुक तिनं आयुष्यात कुणाचं केलं नाही.

त्याच उन्हाळ्यात मला बघायला बार्शीचे लोक आले. त्यांची धान्याची आडत होती. मला पुढं शिकायचं होतं, पण विचारतो कोण? काकूला आईनं हळूच सांगितलं, पाहुणे असेपर्यंत बाहेर येऊ नका. शुभकार्यात विधवेनं पुढं यायचं नाही, ही रीत. यावर तरी काकू रागवेल असं मला वाटलं. ती म्हणाली, “म्हाईत हाय मला,” आणि मला उंबऱ्याशी घेऊन बसली. पीठ टिपून झालं, रागवणं नुकतं सुरू झालं होतं, आणि पाहुणे दारात! एसटी वेळेच्या आधी पोचली होती. असा अपघात मी त्याआधी पाहिला नाही, नंतरही नाही. विंचरायला वेळच उरला नाही. आईनं पिठासकट माझी वेणी घातली, वरवर पदरानं पुसलं आणि पोह्यांचं ताट हातात दिलं.

चालून दाखवलं, नाव सांगितलं, सुईत दोरा ओवला. मग मुलाची आत्या म्हणाली, “येनी सोडा बरं जरा. गंगावनाची लई फसवनूक चाललीया आजकाल.” आणि कुणी काही म्हणायच्या आत तिनं माझी वेणी धरून दोनदा ओढली आणि पेड उलगडले. सतरंजीवर, माझ्या खांद्यांवर, आत्याबाईंच्या हिरव्या लुगड्यावर पांढरं पीठ झरलं. आत्याबाई शिंकल्या. “अगं बया! कोंडा! पोरीला कोंडा हाय!”

मुलाचे वडील पुढं सरकले. त्यांनी सतरंजीवरून चिमूट उचलली, तळहातावर चोळली, वास घेतला आणि धंद्याच्या सवयीनं जिभेला लावली. “कोंडा कुटला? मालदांडी जवारी हाय ही,” ते म्हणाले. “वैरागच्या अंगाची. दळान लई बारीक केलंय.” मग त्यांच्याच ध्यानात आलं आणि ते अण्णांकडे वळले. “आवो, लोकास्नी मिलो मिळंना, आन् तुमी डोस्क्याला मालदांडी लावताय?”

अण्णांचा चेहरा मला अजून दिसतो. महिनोन्‌महिने ते तांबड्या भाकरीवर दात झिजवत होते. “आपल्या घरात मालदांडी आहे?” त्यांनी आईला विचारलं. आईजवळ आदळायला भांडंही नव्हतं.

तेव्हा काकू बाहेर आली. “म्हायेरनं आलीया, माज्या वाट्याची हाय,” ती म्हणाली. “भावानं मला खायला धाडली. मी मिलो खाती आन् ही पोरीला लावती. कुनाच्या आडतीतनं चोरली न्हाय. आन् बाई, तुमी पोरगी बघाया आलाय का जनावरांच्या बाजारात? येनी वढून झाली, आता दात बी मोजा की!”

आत्याबाईंनी लुगडं झटकलं. “ही कुटनं आली मधी? पांढऱ्या कपाळाची,” त्या म्हणाल्या. घरात कुणी काही बोललं नाही. काकूसुद्धा. ती तशीच वळून आत गेली. मुलाच्या वडिलांनी पोहे संपवले, बाकीच्यांनी तसेच ठेवले, आणि मंडळी निघून गेली.

आता राग येतो तो इथं. आत्याबाई परक्या, त्यांचं सोडा. पण आमच्या अण्णांनी काय करावं? थोरला दीर आणि भावजय यांनी एकमेकांशी थेट बोलायचं नाही, अशी आमच्याकडं पद्धत. घरातली सगळी भांडणं आईमार्फत चालायची. अण्णा आईला म्हणाले, “धाकट्या बाईंना म्हणावं, थोडे दिवस वैरागला जाऊन या.” आतून काकूचा आवाज आला, “आक्का, भावजींना म्हनावं, थोडे दिवस म्हंजी किती, ते बी सांगा.” अण्णांनी सांगितलं नाही. सकाळच्या एसटीनं काकू गेली. तीन त्रिकाळ तिचा ओरडा खाल्लेल्या घरानं, ती एकदा खरं बोलली म्हणून तिला बाहेर काढलं! मी दोन दिवस जेवले नाही. दाराची कडी निखळेपर्यंत लाथा घातल्या. आज हे लिहितानाही माझी कानशिलं तापली आहेत.

पाऊस झाला, नळाला पाणी आलं, तरी ‘थोडे दिवस’ संपेनात. शेवटी मी आईकडून परवानगी काढून वैरागला गेले. मुद्दाम न न्हाता गेले. उलट आईकडून डबल तेल थापून घेतलं. म्हटलं, मला बघताच ही बाई गाव गोळा करेल. काकू ओसरीवर गहू निवडत होती. तिची भावजय आतून म्हणाली, “वन्सं, कालचा च्या हाय तोच तापवून घ्या की.” काकू म्हणाली, “व्हय.” भाच्यानं निवडलेल्या गव्हात पाय घातला. ती पुन्हा निवडत बसली. मी तिच्यापुढं डोकं वाकवलं आणि म्हणाले, “काकू, बघ की डोकं.” तिनं केसांवरून हात फिरवला. हाताला लागलेलं तेल गुपचूप पदराला पुसलं. “ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “बरं दिसतंय की.”

मी परतीच्या एसटीत रडले ते रागानंच. माणसाला रागवायलासुद्धा स्वतःचं घर लागतं, हे मला त्या दिवशी कळलं. घरी येऊन अण्णांपुढं उभी राहिले. भांडायची सगळी तयारी केली होती, पण तोंडातून एवढंच आलं, “अण्णा, काकू तिथं रागवत नाही हो कुणावर.”

अण्णा ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी गिरणीत रजा टाकली आणि मला घेऊन वैराग गाठलं. ओसरीवर चढले, इकडंतिकडं बघितलं, मध्ये निरोप द्यायला कुणी घेतलं नाही. थेट काकूकडं बघून म्हणाले, “घरी चला. कुणी भांडत नाही. जेवण जात नाही.”

काकूनं पदर पुढं ओढला. मग भावजयीकडं तोंड करून, पण सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “भावजींना म्हनावं, पायतानं खाली काडा आदी. आत्ताच सारवलंय, दिसत न्हाय व्हय?” आणि ट्रंक भरायला आत गेली.

त्यानंतर ती शेवटपर्यंत आमच्याच घरी होती, आणि पाहुणे आले की बाहेर बसूनच रागवायची. तिला जाऊनही आता खूप वर्षं झाली. माझे केस पिकले, पण तेलकटपणा गेला नाही. न्हाणीघरात शाम्पूच्या बाटल्या आहेत, नळाला पाणी आहे. परवा मला कंटाळा आला, न्हायलेच नाही. तशीच दिवसभर चिपचिपीत डोक्यानं सगळ्या घरातून फिरले. कुणी काही म्हणालं नाही.