दुसऱ्याच्या कढईत टाकलेली मूठ

आमच्या गावात ज्या घरांना बिअर बनवण्याचा पिढीजात हक्क आहे, ती सर्व घरे एकाच सामाईक भट्टीघरात पाळीपाळीने आपला जवाचा रस उकळतात, आपापल्या तळघरात तो आंबवतात आणि बिअर तयार झाली की दारावर सहा टोकांचा तारा टांगतात. तारा दिसला की गाव त्या घरी लोटते. ताऱ्याखाली जे मिळते त्याची जबाबदारी त्या घराची असते. इतकी साधी गोष्ट एका प्रौढ, प्रतिष्ठित माणसाला कळू नये, याचा संताप मला आजही आवरत नाही.

क्रेसेन्स पोल्स्टर माझ्या शेजारीण. काचेच्या कारखान्यात पेले घासण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. पती निवर्तल्यावर घराची पाळी त्यांनी एकटीने सांभाळली. बिअरमध्ये प्रथम माल्टचा, म्हणजे मोड आणून भाजलेल्या जवाचा, गोडवा लागावा आणि घोट गिळल्यानंतर हॉप्सच्या फुलांचा कडवटपणा हळूच मागून यावा, असा त्यांचा कटाक्ष. "माल्टनं बोलावं, हॉप्सनं नुसता हुंकार द्यावा," असे त्या म्हणत. दर हंगामात नवी फुले तळहातावर चोळून, हुंगून, जिभेला लावून मगच त्या प्रमाण ठरवत. इतर घरांत मात्र आजोबांचा लाकडी वाडगा भरला की मोजमाप संपले. फुले कोणत्या उन्हाळ्यातली आहेत, हे कोणी विचारीत नसे.

गेल्या वर्षी चर्चच्या जत्रेचा तारा बाईंच्या वाट्याला आला. हा मान एका घराला कित्येक वर्षांनी मिळतो. उन्हाळा कोरडा गेल्यामुळे फुले विलक्षण कडू निघाली होती, म्हणून बाईंनी वाडगा अर्धाच भरला आणि फुले रसात सोडून त्या चुलीत लाकडे सारायला खाली उतरल्या. तेवढ्यात भट्टीघराचे प्रमुख ऑटमार शेल्स आले. बाईंच्या पिशवीत एवढी फुले उरलेली पाहून त्यांनी मान हलवली आणि ती मुठीमुठीने कढईत टाकली. मी दारातच उभा होतो.

"ऑटमार! अरे, काय करतोस हे?"

"ओरडू नकोस, मास्तर. हात आखडलाय तिनं. जत्रेला लोकांना काय, केक विरघळवून पाजायचा?"

बाई वर आल्या तेव्हा भट्टीघरभर उग्र वास सुटला होता. त्यांनी चाळणीने हाती लागतील तेवढी फुले उपसली, पळीभर रस निववून चाखला आणि पळी खाली ठेवली.

"माझी नाही ही," त्या म्हणाल्या. "हिच्यावर मी तारा लावणार नाही."

"अगं क्रेसेन्स, मूठभर फुलांचं काय एवढं? उलट माझे आभार मान!"

"तुझ्या बायकोच्या सुपात कधी मीठ टाकलंय मी, तिला न विचारता?"

भट्टीघराच्या अंगणात जमलेली मंडळी हसली. पण मी जुन्या नियमाची आठवण करून देताच सगळ्यांना आपापले बूट न्याहाळण्याची निकड भासली. नियम लहान मुलांनाही पाठ आहे: दुसऱ्याच्या कढईत हात घालील त्याने त्यातला रस आपल्या घरी न्यावा आणि आपली पाळी व माल्ट त्या घराला द्यावे.

"तो आजोबांच्या काळातला नियम, मास्तर," ऑटमार म्हणाले.

"वाडगाही आजोबांचाच आहे की रे! तो बरा चालतो तुला!"

ऑटमार यांची पाळी दुसऱ्या दिवशीची होती. त्यांच्या दळलेल्या माल्टची गाडी सकाळी येऊन उभी राहिली, तेव्हा भट्टीघराच्या उंबऱ्यात स्टूल टाकून बाई बसल्या होत्या. शेजारी पाव, मुळा आणि कालच्या रसाचा जग.

"ऊठ, क्रेसेन्स. तमाशा पुरे."

"आधी हे पी. सगळ्यांसमोर. आणि सांग, जत्रेत तुझ्या नावानं वाढू का?"

ऑटमार यांनी ऐटीत घोट घेतला. त्यांचे तोंड असे वाकडे झाले की गाडीवानाने टोपीआड हसू लपवले.

"घे बाई, घे माझी पाळी," ते अखेर पुटपुटले. "डोकं खाऊ नकोस."

क्षमेचा एक शब्दही नाही!

बाई उठल्या. पोत्यातले चार दाणे त्यांनी दातांखाली फोडले. "तुझा माल्ट जास्त भाजलाय, ऑटमार. हा जड गोडवा पेलायचा तर फुलं थोडी वाढवावी लागतील."

"वाढवणार?" ऑटमार किंचाळले. "मग मी काल काय केलं?"

"काल माल्ट फिका होता. आणि कढई माझी होती."

तो कडू रस त्याच दुपारी ऑटमार यांच्या तळघरात गेला. जत्रेला तारा बाईंच्या दारावर लागला, आणि त्यांच्या अंगणातले बाक संध्याकाळपर्यंत रिकामे झाले नाहीत. ऑटमारही आले. दोन पेले प्यायल्यावर शेजाऱ्याला म्हणाले, "बघ, फुलं वाढवली म्हणूनच जमलं." भोवतीची मंडळी हसली. ऑटमार यांनी पेला माझ्याकडे उंचावला. मी माझा बाकावरून उचलला नाही.