शेवंतीचं कार्ड

"थंयच ठेव. हातात देऊ नको."

लालबागची चाळ, दुसरा मजला, जिन्यापासून चौथी खोली. मी दारात उभी, हातात औषधाची पुडी. समोर म्हातारी सासू, डोक्यावरून पदर, हातात तांब्या. मी पुडी उंबऱ्यावर ठेवली. म्हातारीने ओंजळीत पाणी घेतलं, पुडीवर शिंपडलं, आणि मग ती ओली पुडी दोन बोटांनी उचलून आत नेली.

माझ्या अंगावर पाणी टाकलं असतं तर एक वेळ गिळलं असतं. आमच्या आज्या-पणज्यांनी ते गिळलंय. पण ते औषध होतं हो. कागदात बांधलेली पावडर. पाणी लागलं की कागदाला चिकटते, निम्मी वाया जाते. क्षयावरची पावडर, साता समुद्रापलीकडून बोटीने आलेली, आणि ही बाई तिचं सोवळं करत बसली होती. मी म्हटलं, आजी, भिजवू नका, औषधातला गुण जातो. तर म्हणाली, तुमच्या चाळीतल्या पोरींनी आता आम्हांला शिकवायचं काय.

आमची चाळ तिला ठाऊक होती. गिरणगावात जात विचारावी लागत नाही. राहायला कुठे एवढं विचारलं की पुरतं. आदल्याच वर्षी आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. आईने देव्हारा फडक्यात बांधून समुद्रात सोडला होता. मला वाटलं होतं, सुटले. कसलं डोंबलाचं सुटणं! सुटलं होतं ते आमच्या बाजूने, लालबागच्या बाजूने नाही.

काम असं होतं. परदेशातली एक संस्था औषधं आणि पैसा पुरवायची. दादरला शिकल्यासवरल्या लोकांची एक समिती होती, ती कार्यक्रम चालवायची. आणि आम्ही सेविका घरोघर जायचो. पेशंटला इस्पितळात पडून राहायला नको, घरच्या घरी रोज औषध. फक्त एक अट. पुडी सेविकेच्या डोळ्यांसमोर पोटात गेली पाहिजे. गेली की कार्डावर त्या तारखेच्या चौकटीत बरोबरची खूण करायची. वर्षभर एकही चौकट रिकामी राहता कामा नये. परदेशातले साहेब पेशंट बघायला येऊ शकत नव्हते, ते कार्डं बघायचे.

मी मॅट्रिक झालेली. आमच्या चाळीतली पहिली मुलगी. समितीच्या सेक्रेटरीबाईंना सगळे मालूताई म्हणत. खादीची साडी, आवाज कधी चढायचा नाही. मुलाखतीत त्या म्हणाल्या होत्या, आम्हांला तुमच्यातली एक मुलगी हवीच होती. मी घरी येऊन हे सगळ्यांना आनंदाने सांगितलं. तेव्हा अक्कल नव्हती मला.

शेवंती त्या म्हातारीची सून. वीस-एकवीस वर्षांची, मालवणाकडची. दाराजवळच्या कोपऱ्यात तिची चटई. ताटली वेगळी, पेला वेगळा, कोणी तिच्या अंथरुणाला शिवायचं नाही. दोन वर्षांची पोरगी होती, तिला आजाराची बाधा नको म्हणून गावी धाडली होती. शेवंती रोज मला एकच विचारायची, अजून किती उरल्या. "ताई, किती चौकटी रवल्यो?" मी सांगायची, कार्ड भरलं की तुझी पोर इथे. माझ्या तोंडचे शब्द. मी दिलेला वायदा.

म्हातारी नळावर गेली असली की शेवंती चटईवरून पुढे सरकायची आणि हात लांब करायची. पुडी सरळ माझ्या हातातून तिच्या हातात. कोरडी. ती तोंडात टाकायची, वर पाणी प्यायची, तोंड वाकडं करायची आणि हसायची. मग कार्ड मागून घ्यायची. वाचता येत नव्हतं, पण खुणा बोटाने मोजायची. तीन महिन्यांत तिच्या गालावर जरा मांस आलं. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! मला वाटायचं, ही बाई मी वाचवतेय.

एक दिवस शेजारणीने बघितलं. हातातून हातात.

मग काय, चाळ डोक्यावर घेतली म्हातारीने. दुसऱ्या दिवशी चाळीतले दोघे तिघे दादरला समितीत आले. त्यांत शेवंतीचा नवरा होता. हा माणूस मला ठाऊक होता. गिरणीत होता, संयुक्त महाराष्ट्राच्या प्रत्येक मोर्च्यात पुढे. पंधरा दिवसांपूर्वीच्या मोर्च्यात माझ्या भावाच्या डोक्यात लाठी बसली, तेव्हा यानेच आपला पंचा फाडून त्याच्या डोक्याला बांधला होता. भाऊ घरी येऊन केवढ्या कौतुकाने सांगत होता, आता मुंबईत आपण सगळे मराठी एक. तोच माणूस मालूताईंच्या टेबलासमोर मान खाली घालून म्हणाला, "आमच्याकडे दुसरी बाई पाठवा. आईचं काय चालत नाय माझ्यापुढे, पण चाळीत राहायचं हाय."

मी तिथेच होते. दोन हातांवर. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

मला वाटलं, ताई काहीतरी बोलतील. या बाई स्वतः सत्याग्रहात चार दिवस आत जाऊन आलेल्या. ताईंनी त्यांना बसवलं, चहा दिला, होय म्हणून पाठवलं. मग मला जवळ बोलावलं. पाठीवर हात ठेवला.

"हे बघ, आपण पेशंट बरे करायला आलोय, समाज नाही. तू समजुतीने घे."

त्या रागावल्या असत्या तर मी भांडले असते. मायेने बोलणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं, ते मला कोणी शिकवलं नव्हतं. त्यांनी सांगितलं, तुझं अक्षर मोत्यासारखं आहे, तू आता ऑफिसात बसून सगळी कार्डं सांभाळ. घरोघर कुसुम जाईल. कुसुम गिरगावातली, ताईंच्या नात्यातली. तिच्या हातचं सगळ्यांना चालत होतं. ताईंच्या दृष्टीने सुंठीवाचून खोकला गेला.

कुसुम वाईट नव्हती. भित्री होती. क्षयाला मरणाची घाबरायची. दर शनिवारी ती ऑफिसात यायची आणि सांगायची, सगळ्यांनी घेतलं. मी वीस कार्डांवर खुणा करायची. शेवंतीच्या कार्डावरही. आठवड्याच्या सात चौकटी, सात खुणा. न बघता. पहिल्या शनिवारी माझा हात अडखळला. तिसऱ्या शनिवारी अडखळला नाही. हे मी लपवत नाही. त्या खुणा माझ्या हातच्या आहेत.

दीड महिन्याने रेशनच्या रांगेत शेवंतीचा नवरा भेटला. तोंड चुकवून जात होता, मीच गाठलं. शेवंती कशी आहे म्हटलं. त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाला, तुमची ती बाई वर येतच नाय. आठवड्याच्या पुड्या खालच्या वाण्याकडे ठेवून जाते. वाणी आठवण झाली तर देतो. आई एखादी देते, एखादी नाय, तिला वाटतं औषध गरम पडतं. शेवंतीच्या तोंडातून पुन्हा रक्त पडायला लागलंय.

मी त्याला म्हटलं, तुम्ही का नाही देत तिला? तो म्हणाला, मी पाळीला असतो. आणि गेला.

मी तशीच दादरला. ताईंना सगळं सांगितलं. ताईंचा चेहरा उतरला, नाही असं नाही. पण शुक्रवारी साहेब येणार होते, परदेशातून, कार्यक्रम बघायला. पुढच्या वर्षीची औषधं त्यांच्या हातात. ताई म्हणाल्या, शुक्रवार जाऊ दे, मग मी स्वतः लक्ष घालते. तीन दिवसांचा तर प्रश्न आहे. मी तोंडात मूग गिळून बसले.

साहेब आले. उंच, घामाघूम, स्वभावाने चांगले वाटले. कार्डं चाळली, खूश झाले. इतकी पूर्ण कार्डं आपण कुठल्याच देशात बघितली नाहीत असं म्हणाले. मग माझ्याकडे बोट करून त्यांनी ताईंना विचारलं, हिला कामात काही अडचण येते का? ताईंनी तोच प्रश्न मला मराठीत विचारला.

कसं कोण जाणे, माझं तोंड उघडलं. मी म्हटलं, "ही कार्डं खरी नाहीत. माझ्या हातचं चालत नाही म्हणून मला ऑफिसात बसवलं, आणि जिच्या हातचं चालतं ती जिना चढत नाही. लालबागला एक बाई मरायला टेकली आहे."

ताईंनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग साहेबांकडे वळल्या आणि हसून इंग्रजीत म्हणाल्या, ती म्हणते लोक फार प्रेमाने वागवतात, आणि ती तुमची फार आभारी आहे.

मला इंग्रजी कळत होतं. मॅट्रिकला मी इंग्रजीत पहिली आले होते. ताईंना ते ठाऊक होतं, त्यांच्याच फाइलीत माझी गुणपत्रिका होती. तरी बोलल्या. मी समोर उभी असताना माझंच बोलणं माझ्या तोंडातून काढून घेतलं.

मी म्हटलं, "नो सर. आय डिड नॉट से दॅट. द कार्ड इज फॉल्स. आय रोट इट."

साहेबांनी ताईंकडे बघितलं. ताई हळू आवाजात त्यांना काहीतरी बोलल्या, मला एवढंच ऐकू आलं की हिच्या घरी सध्या फार त्रास आहे. साहेबांनी मान हलवली. माझ्याकडे बघून कणवेने हसले. घड्याळ बघितलं. मग सगळे जिन्यावर फोटोला गेले. मी टेबलाशी उभीच होते. माझ्याजवळ तोंडी बोलायचं जे काही चार वाक्यांचं इंग्रजी होतं ते सगळं मी वापरून टाकलं होतं, आणि काही म्हणजे काही झालं नव्हतं.

मला सांगण्यात आलं, थोडे दिवस विश्रांती घे.

त्या थोड्या दिवसांत मी लालबागला गेले. दारात उभी राहिले. शेवंतीने मला ओळखलं. तिने हात लांब केला, सवयीने. माझ्या हातात काही नव्हतं. औषध समितीच्या कपाटात, कपाटाची किल्ली ताईंकडे. मी रिकामे हात घेऊन दारात उभी, आणि ती हात तसाच धरून होती. म्हातारी मागे बसलेली, तिने मला हटकलंसुद्धा नाही. शेवंती म्हणाली, "ताई, आता किती रवल्यो?"

मी खोटं बोलले. म्हटलं, थोड्याच.

अकरा दिवसांनी ती गेली. मला आमच्या भावाकडून कळलं. पोरगी गावीच राहिली.

त्याच आठवड्यात ताईंचा निरोप आला. गेले. टेबलावर शेवंतीचं कार्ड होतं. ताईंचे डोळे रडून सुजले होते, खोटं कशाला सांगू. म्हणाल्या, कार्ड बंद करावं लागेल. कारण लिहावं लागेल. अक्षर सगळं तुझंच आहे, मध्येच दुसरं दिसलं तर साहेब विचारतील. शेवटच्या ओळीत एवढंच लिही, रुग्णाने स्वतःहून उपचार सोडले. खाली सही कर. सोमवारपासून ये कामावर, मी सगळ्यांची समजूत घालीन.

मी कार्ड हातात घेतलं. मला विश्रांतीला पाठवलं त्या आठवड्यापर्यंत कुठे चौकट रिकामी नव्हती. तोवरचं कार्ड भरलेलं होतं. एवढं भरलेलं कार्ड, आणि बाई मेलेली.

आणि आता तिलाच गुन्हेगार ठरवायचं? जी सरकत सरकत उंबऱ्यापर्यंत यायची, हात लांब करायची, त्या शेवंतीने उपचार सोडले? म्हातारीने नाही, नवऱ्याने नाही, कुसुमने नाही, ताईंनी नाही, मी नाही. मी पेन घेतलं. दीड महिन्याच्या सगळ्या खुणांवर एकेक आडवी रेघ मारली. त्याला वेळ लागला. ताई बघत होत्या. मग शेवटच्या ओळीत लिहिलं, औषध पोचलं नाही, आम्ही पोचवलं नाही, वरच्या खुणा मी खोट्या केल्या. सही केली. पूर्ण नाव.

ताई म्हणाल्या, "अगं, हे परदेशात जाणार आहे."

"म्हणून तर लिहिलं."

त्यांनी कार्ड माझ्या हातातून घेतलं. वाचलं. मग हळूच, आवाज न करता, त्याचे चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले. म्हणाल्या, तू दमली आहेस, घरी जा. त्यांचा हात माझ्या पाठीकडे आला. मी मागे सरले. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाचा तरी स्पर्श नाकारला.

मी म्हटलं, "फाडा, ताई. बाकीच्या एकोणीस जणांची नावं आणि खोल्या मला पाठ आहेत. पुड्या कोणाकडे पडून असतात ते आजपासून मी त्यांना दारोदार सांगणार. म्हणणार, दादरला चला, आपलं औषध मागून घ्या. कोण माझ्याबरोबर चालेल ते मला ठाऊक नाही. एकटी आले तरी इथेच येऊन बसेन, रोज. आणि पुन्हा साहेब आले तर माझं मी बोलेन. मध्ये तुम्ही नाही."

मी जिना उतरले आणि त्या एकोणिसांतली पहिली खोली गाठायला काळाचौकीच्या वाटेला लागले.